पिकअपच्या पुढील चाकाचे हब बेअरिंग : निदान, बदल आणि समायोजन

शेतमाल शेतातून बाजार समितीत, शीतगृहात किंवा संकलन केंद्रावर पोहोचविण्याचे काम आज मोठ्या प्रमाणावर पिकअप वाहनांवर अवलंबून आहे. भाजीपाला, फळे, फुले, दूध आणि मासळी यांची वाहतूक बहुधा रात्री अथवा पहाटे होते. रस्ता कच्चा, वाहन भरलेले आणि वेळ मोजका असतो. अशा वेळी पुढील चाकाचे बेअरिंग निकामी झाले, तर नुकसान एका सुट्या भागापुरते मर्यादित राहत नाही. लिलावाची वेळ टळते आणि नाशवंत माल वाटेतच खराब होतो. त्याहून गंभीर बाब सुरक्षिततेची आहे. वाहनाला वळविणे आणि थांबविणे ही दोन्ही कामे मुख्यतः पुढील चाकांवर अवलंबून असतात. बेअरिंग सैल झाले की ब्रेकची डिस्क डगमगू लागते, ब्रेक पॅड मागे ढकलले जातात आणि पेडल पहिल्या दाबाला खोल जाते. बेअरिंग पूर्णपणे फुटल्यास चाक जाम होते किंवा हबसह निखळते.

हे बेअरिंग सहसा एकाएकी फुटत नाही. आधी आवाज, मग उष्णता आणि मग चाकातील ढिलाई अशा पायऱ्यांनी ते सूचना देत असते. तसेच, नवे बसविलेले बेअरिंग थोड्याच काळात पुन्हा गेले, तर दोष नेहमी त्या बेअरिंगचाच असतो असे नाही. जुने बेअरिंग का गेले याचा शोध न घेणे, बसविताना स्वच्छता न पाळणे आणि नट अंदाजाने कसणे या तीन चुका त्यामागे अनेकदा असतात. प्रस्तुत पाठात हब बेअरिंगची रचना, बिघाडाची कारणे, निदान, बदलण्याची पद्धत आणि कस जुळविण्याची रीत यांचे विवेचन केले आहे.

रचना

भारतात वापरात असलेल्या पिकअप वाहनांत पुढील हबच्या प्रामुख्याने दोन रचना आढळतात. आपल्या वाहनात कोणती रचना आहे, हे मॉडेल आणि निर्मितीचे वर्ष पाहून वाहनाच्या पुस्तिकेवरून निश्चित करावे.

पहिली रचना निमुळत्या रोलरच्या जोडीची, म्हणजे टेपर रोलर बेअरिंगची आहे. हबच्या आतील बाजूस एक मोठे आणि बाहेरील बाजूस एक लहान बेअरिंग परस्परविरुद्ध दिशेने बसविलेले असते. प्रत्येक बेअरिंगचे दोन भाग असतात. रोलर, त्यांचा पिंजरा आणि आतील कडी यांच्या एकसंध भागास ‘कोन’ म्हणतात, तर हबमध्ये घट्ट बसविलेल्या बाहेरील कडीस ‘कप’ म्हणतात. आतील टोकाला ऑइल सील आणि बाहेरील टोकाला वॉशर, कॅसल नट, कॉटर पिन व टोपी असते. रोलर तिरपे असल्यामुळे हे बेअरिंग वाहनाचे वजन आणि वळणावर येणारा आडवा रेटा हे दोन्ही पेलते. या बेअरिंगचे पेटंट अमेरिकेत हेन्री टिम्केन यांनी १८९८ मध्ये घेतले. ते मूळचे घोडागाड्या बनविणारे होते आणि वळणावर गाडीच्या चाकांवर येणारा आडवा ताण हाच त्यांच्यापुढील प्रश्न होता.

दुसरी रचना सीलबंद हब युनिटची आहे. यात बेअरिंग, हब आणि चाक जोडण्याचा फ्लँज हे एकाच भागात असतात आणि हे युनिट बोल्टने नकलला जोडलेले असते. यात ग्रीस कारखान्यातच भरलेले असते. त्याची मोकळीक जुळविता येत नाही, म्हणून बिघाड झाल्यास संपूर्ण युनिट बदलावे लागते. काही वाहनांत बेअरिंग थेट नकलमध्ये दाबून बसविलेले असते. ते काढण्यासाठी हायड्रॉलिक प्रेस लागतो, त्यामुळे ते काम सुसज्ज कार्यशाळेतच करून घ्यावे.

बिघाडाची कारणे

पाणी व चिखल : भातखाचरे, ओढे आणि पाण्याखाली गेलेले फरशी पूल यांतून जाणाऱ्या वाहनांना हा धोका अधिक असतो. दूरवर चालून तापलेला हब थंड पाण्यात बुडाला की आतील हवा आकुंचन पावते आणि झिजलेल्या सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. मासळीच्या वाहनांतून ठिबकणारे खारे पाणी आणि किनारपट्टीची दमट हवा यांमुळे गंज लवकर चढतो.

ग्रीसमधील दोष : ग्रीस कमी असणे, जुने होऊन कडक होणे किंवा दोन भिन्न प्रकारची ग्रीस एकत्र होणे ही तिन्ही कारणे घातक आहेत. भिन्न प्रकारची ग्रीस एकमेकांत मिसळल्यास पातळ होऊन वाहून जाऊ शकतात.

जादा भार व धक्के : रोलर बेअरिंगचे आयुष्य भाराच्या प्रमाणात सरळ घटत नाही, त्याहून कितीतरी वेगाने घटते. अभियांत्रिकीतील प्रचलित सूत्रानुसार बेअरिंगवरील भार सव्वापट झाला तर आयुष्य निम्म्याहून थोडे कमी उरते, दीडपट झाला तर साधारण एक चतुर्थांश उरते आणि दुप्पट झाला तर केवळ एक दशांश उरते. पिकअपमधील जादा मालाचे बहुतांश वजन मागील चाकांवर येते, हे खरे आहे. मात्र ब्रेक लावताना भार पुढे सरकतो आणि खड्ड्याचा पहिला आघात पुढील चाकालाच बसतो. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी २०,००० रुपये आणि त्यावर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. बेअरिंगची झीज हा त्याच जादा भाराचा दुसरा, लवकर न दिसणारा दंड होय.

चुकीचा कस : नट अति कसल्यास रोलर दाबले जाऊन तापतात, तर सैल ठेवल्यास भार मोजक्याच रोलरवर येतो आणि कडीवर आघात होत राहतात.

वेल्डिंगचा प्रवाह : हौद्याची दुरुस्ती करताना वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प चाकाला किंवा ॲक्सलला लावली आणि जोड हौद्यावर मारला, तर प्रवाह बेअरिंगमधून वाहतो. रोलर व कडी यांच्या स्पर्शबिंदूंवर सूक्ष्म ठिणग्या पडून खड्डे तयार होतात. म्हणून अर्थ क्लॅम्प नेहमी वेल्डिंगच्या जागेजवळच लावावी.

निदान

आवाज : बेअरिंगचा आवाज घरघर किंवा घोंगावण्यासारखा असतो. तो वाहनाच्या वेगानुसार बदलतो, इंजिनाच्या फेऱ्यांनुसार बदलत नाही. टायरचा आवाज रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की बदलतो, बेअरिंगचा मात्र फारसा बदलत नाही. मोकळ्या रस्त्यावर सावकाश वळण घेताना आवाज कोणत्या बाजूस वाढतो, हे पाहावे. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर येतो. म्हणून डाव्या वळणावर आवाज वाढल्यास उजवे बेअरिंग संशयित मानावे. उजव्या वळणावर वाढल्यास डावे तपासावे.

उष्णता : काही किलोमीटर चालवून झाल्यावर दोन्ही पुढील हबच्या तापमानाची तुलना करावी. शक्यतो इन्फ्रारेड तापमापक वापरावा. हबला थेट हात लावू नये, कारण भाजण्याचा धोका असतो. एकच हब जास्त तापत असेल तर बेअरिंगबरोबरच ब्रेक अडकतो आहे का, हेही पाहावे.

ढिलाई : चाक जमिनीवरून उचलून घड्याळातील १२ व ६ यांच्या जागी दोन्ही हातांनी धरावे आणि आतबाहेर हलवावे. ढिलाई जाणवल्यास दुसऱ्या व्यक्तीस ब्रेकचे पेडल दाबून धरण्यास सांगून पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर हब नकलशी जखडला जातो. त्यामुळे ढिलाई नाहीशी झाली तर दोष बेअरिंगमध्ये आहे आणि तशीच राहिली तर बॉल जॉइंट किंवा निलंबनातील अन्य सांधा झिजलेला आहे. ढिलाई केवळ ३ व ९ यांच्या जागी जाणवत असेल, तर स्टीअरिंगचा टाय रॉड प्रथम तपासावा. या साध्या चाचणीमुळे चांगले बेअरिंग विनाकारण बदलण्याचा खर्च वाचतो.

साधने आणि सुरक्षितता

जॅक, पोलादी स्टँड, चाकाचा पाना, सॉकेट संच, टॉर्क रेंच, पितळी पंच, पक्कड, स्वच्छ चिंध्या, धुण्यासाठी डिझेल किंवा रॉकेल, नवे बेअरिंग, नवे ऑइल सील, नवी कॉटर पिन आणि पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचे ग्रीस जवळ ठेवावे. या कामासाठी सामान्यतः एनएलजीआय २ श्रेणीचे, उच्च तापमान सहन करणारे लिथियम कॉम्प्लेक्स ग्रीस वापरले जाते. बेअरिंग अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे. वेष्टनावरील आणि कडीवरील क्रमांक जुळतात का ते पाहावे आणि पावती जपून ठेवावी.

वाहनातील माल पूर्णपणे उतरवावा आणि वाहन सपाट, टणक जमिनीवर उभे करावे. हँडब्रेक लावावा आणि मागील चाकांना पुढून व मागून ठोकळे लावावेत. केवळ जॅकच्या आधारावर काम करू नये. चासीखाली स्टँड लावून त्यावर वजन घ्यावे. विटा किंवा दगड यांची रास हा आधाराचा पर्याय नव्हे.

टेपर रोलर बेअरिंग बदलण्याची कृती

१. वाहन जमिनीवर असतानाच चाकाचे नट थोडे सैल करावेत, मग वाहन उचलून स्टँडवर घ्यावे आणि चाक काढावे.

२. ब्रेक कॅलिपर सोडवून तारेने चासीला टांगावा. तो रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नये. नळीला आतून तडा गेल्यास बाहेरून दिसत नाही. ब्रेकची धूळ फुंकून उडवू नये, ओल्या चिंधीने पुसावी.

३. टोपी, कॉटर पिन, कॅसल नट आणि वॉशर क्रमाने काढावेत. हब किंचित बाहेर ओढला की बाहेरील कोन सुटतो. तो हाती घेऊन मग हब पूर्ण काढावा.

४. जुने सील उचकटून आतील कोन काढावा. काढलेले भाग ज्या जागेचे असतील तसे वेगवेगळे ठेवावेत. पुढील परीक्षणासाठी ते लागतात.

५. हबमधील दोन्ही कप पितळी पंचाने, समोरासमोरच्या बाजूंना आळीपाळीने हलके ठोके देत काढावेत. कोन नवा आणि कप जुना अशी जोडी कधीही लावू नये. जुन्या कपवरील झीज नव्या रोलरना अल्पावधीत खराब करते.

६. हब आणि स्पिंडल डिझेलने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. धुतलेले बेअरिंग हवेच्या झोताने फिरवून वाळवू नये. ग्रीसविना वेगाने फिरल्यास ते ओरखडते आणि तुटून इजाही होऊ शकते. स्पिंडलवर खोल चर, निळसर डाग किंवा तडा दिसल्यास केवळ बेअरिंग बदलून भागणार नाही.

७. नवा कप हबमध्ये सरळ धरून योग्य मापाच्या ड्रिफ्टने बसवावा. तो पुरता बसला की ठोक्याचा आवाज बदलतो आणि भरीव येतो. कपच्या मागे कचऱ्याचा एक कण राहिला तरी तो तिरका बसतो आणि पुढील सारे समायोजन व्यर्थ जाते.

८. कोनमध्ये ग्रीस हाताने भरावे. तळहातावर ग्रीस घेऊन कोनची रुंद बाजू त्यावर दाबत राहावी, जोपर्यंत रोलरमधून ते दुसऱ्या टोकाला बाहेर येत नाही. नुसते वरून लावलेले ग्रीस आत पोहोचत नाही. हबच्या पोकळीत मात्र ते गच्च भरू नये. जादा ग्रीस घुसळून तापते आणि सीलवर दाब आणते.

९. आतील कोन ठेवून नवे सील सरळ दाबून बसवावे. सीलची ओठासारखी कड बेअरिंगच्या दिशेने असावी आणि तिला ग्रीसचा पातळ हात द्यावा. जुने सील पुन्हा वापरू नये.

१०. हब स्पिंडलवर सरळ सरकवावा, बाहेरील कोन, वॉशर आणि नट लावावेत आणि पुढीलप्रमाणे कस जुळवावा.

कस जुळविणे

संपूर्ण कामाचे यश या टप्प्यावर ठरते. वाहनाच्या पुस्तिकेत वेगळी रीत दिली असल्यास तीच अंतिम मानावी. सर्वसाधारण पद्धत अशी आहे. प्रथम हब सतत फिरवीत नट पुस्तिकेतील प्राथमिक टॉर्कपर्यंत कसावा. यामुळे रोलर आपापल्या जागी टेकतात आणि मधले जादा ग्रीस बाहेर पडते. हब न फिरविता कसल्यास रोलर तिरके राहतात. ते चालताना जागी बसतात आणि नट कसलेला असूनही चाक सैल होते. त्यानंतर नट पूर्णपणे सैल करून केवळ बोटांच्या जोराने पुन्हा टेकवावा. नटाची खाच आणि स्पिंडलचे छिद्र जुळत नसेल तर नट पुढे न कसता जवळच्या खाचेपर्यंत मागे घ्यावा. शेवटी नवी कॉटर पिन घालून तिचे पाय वळवावेत.

जुळणी बरोबर असल्यास हब हाताने सहज, एकसारखा फिरतो आणि धरून हलविल्यास अत्यल्प मोकळीक असते. डायल गेज उपलब्ध असल्यास ही अक्षीय मोकळीक मोजावी. ती बहुतेक हलक्या वाहनांत ०.०३ ते ०.१३ मिलिमीटरच्या दरम्यान अपेक्षित असते. काही वाहनांत मोकळीक न ठेवता किंचित पूर्वताण देण्याची सूचना असते. तो हब फिरविण्यास लागणाऱ्या बलावरून, स्प्रिंग काटा चाकाच्या बोल्टला अडकवून मोजला जातो.

‘घट्ट तितके भक्कम’ हा समज येथे चुकीचा ठरतो. चालताना बेअरिंग तापून प्रसरण पावते आणि थंड असताना अति कसलेल्या बेअरिंगला त्या प्रसरणासाठी जागा उरत नाही. किंचित सैल बेअरिंग आवाज करून सूचना देते, तर अति कसलेले बेअरिंग थोड्याच अंतरात जळू शकते.

सीलबंद हब युनिट बदलताना

येथे कस जुळविण्याचा प्रश्न नसतो, परंतु टॉर्कचे महत्त्व तितकेच राहते. युनिट गंजाने नकलमध्ये चिकटले असल्यास गंज सैल करणारे द्रव लावून थांबावे. नकल अथवा ब्रेकच्या भागांवर घण घालू नये. नवे युनिट बसण्याची जागा तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ करावी. तेथे गंज राहिल्यास युनिट आणि त्यासोबत ब्रेकची डिस्क तिरकी बसते. एबीएस असलेल्या वाहनात सेन्सरची तार जपून सोडवावी. काही युनिटमध्ये सेन्सरसाठी चुंबकीय कडी असते. ती लोखंडी कीस आणि चुंबक यांपासून दूर ठेवावी.

चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या वाहनांत हबमधून ड्राइव्ह शाफ्ट जातो आणि त्याचा मोठा नट बेअरिंगच्या कड्या एकत्र धरून ठेवतो. हा नट नवा वापरावा आणि टॉर्क रेंचनेच कसावा. इम्पॅक्ट गनने अंदाजे कसू नये. तो पूर्ण कसेपर्यंत चाकावर वाहनाचे वजन देऊ नये.

जुने बेअरिंग काय सांगते

काढलेले बेअरिंग फेकण्यापूर्वी पुसून उजेडात पाहावे.

• निळा किंवा तपकिरी रंग : अति उष्णता. ग्रीस अपुरे होते किंवा नट अति कसला होता.
• रोलरच्या अंतराने उमटलेले गंजाचे काळपट पट्टे : पाणी आत शिरले होते. सील आणि वापराची जागा तपासावी.
• रोलरच्या अंतराने पडलेले खोलगट ठसे : जबर धक्का बसला किंवा बसविताना हातोडीचा घाव रोलरमधून गेला.
• कडीवरून पोपडे निघणे : धातूचा थकवा. तो अल्पकाळात आला असल्यास जादा भार किंवा तिरका बसलेला कप हे कारण असू शकते.
• बारीक ओरखडे आणि मंद करडी झीज : ग्रीसमध्ये धूळ अथवा वाळू मिसळली होती.

कारण दूर न करता नवे बेअरिंग बसविल्यास तोच बिघाड पुन्हा उद्भवतो.

चाचणी व देखभाल

चाक बसवून नट आळीपाळीने, समोरासमोरच्या क्रमाने कसावेत. कॅलिपर काढला असल्याने वाहन हलविण्यापूर्वी पेडल टणक होईपर्यंत दाबावे. रिकामे वाहन ८ ते १० किलोमीटर चालवून आवाज, हबची उष्णता आणि चाकातील ढिलाई पुन्हा तपासावी. चाकाचे नट पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्कने तपासावेत.

टेपर बेअरिंगचे ग्रीस पुस्तिकेतील मुदतीनुसार बदलावे. हब पाण्यात बुडाला असल्यास मुदतीची वाट न पाहता तो उघडून धुवावा आणि नवे ग्रीस भरावे. पाण्याने माखलेले ग्रीस दुधाळ दिसते. धुलाई केंद्रावर जोरदार पाण्याचा फवारा हबच्या सीलवर थेट मारू देऊ नये. पावसाळा संपल्यावर, रब्बीची धावपळ सुरू होण्यापूर्वी, दोन्ही पुढील चाके उचलून तपासण्याचा नेम ठेवावा.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

कृषी विज्ञान केंद्रे, अवजारे भाड्याने देणारी केंद्रे आणि शेतकरी उत्पादक कंपन्या यांच्या यंत्र देखभाल प्रशिक्षणात या विषयाचा समावेश सहज करता येतो. खराब बेअरिंगचा संच जमवून त्यावर बिघाडाचे कारण लिहिलेल्या चिठ्ठ्या लावल्यास तो चित्रांपेक्षा अधिक परिणामकारक ठरतो. प्रशिक्षणार्थींकडून ब्रेक दाबून ढिलाई तपासण्याची चाचणी प्रत्यक्ष करून घ्यावी. ट्रॅक्टरची पुढील चाके आणि अनेक ट्रॉल्यांचे हब यांतही टेपर रोलर बेअरिंग असतात. त्यामुळे ग्रीस भरणे, कप बसविणे आणि कस जुळविणे हे कौशल्य तेथेही उपयोगी पडते, मात्र टॉर्क आणि मोकळीक यांची मूल्ये त्या त्या यंत्राच्या पुस्तिकेतून घ्यावीत.

प्रत्येक वाहनासाठी एक वही ठेवून त्यात बदलाची तारीख, किलोमीटर, बेअरिंगचा क्रमांक, कोणते चाक आणि जुन्या बेअरिंगवर आढळलेले चिन्ह यांची नोंद करावी. ज्या शेतकऱ्यास हे काम स्वतः करावयाचे नाही, त्यानेही कारागिराकडून जुने भाग परत मागून घ्यावेत, नवे सील व नवी कॉटर पिन बसविली का हे विचारावे आणि नट कसताना हब फिरविला जातो का हे उभे राहून पाहावे. एवढी दक्षता घेतल्यास माल वेळेवर पोहोचतो आणि चालक व रस्त्यावरील इतर माणसेही सुरक्षित राहतात.